विरेचन की वीण? : जात्यावरची ओवी आणि लेखनोपचार यांविषयी काही विचार

ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने 'विरेचन' हा शब्द स्वीकारला आणि तो इतका रुळला की त्याच्या मुळाकडे आता सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विरेचन हे आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक कर्म होय. शरीरात साचलेला दोष औषधाच्या साह्याने बाहेर काढून टाकणे, हा त्याचा सरळ अर्थ. ही निवड अस्थानी होती असे म्हणता येणार नाही. याकोब बेर्नाइस या जर्मन पंडिताने १८५७ साली कॅथार्सिसचा वैद्यकीय अर्थच मुळातला आहे, असे आग्रहाने प्रतिपादिले होते. याच बेर्नाइसची पुतणी मार्था पुढे सिग्मंड फ्रॉइडची पत्नी झाली, आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या उन्मादविषयक ग्रंथात 'कॅथार्टिक पद्धती' हा शब्दप्रयोग मानसोपचाराच्या परिभाषेत दाखल झाला. म्हणजे वैद्यकातून साहित्यशास्त्रात आलेली ही कल्पना साहित्यशास्त्रातून पुन्हा दवाखान्यात गेली. आज ती तेथून तिसऱ्यांदा प्रवास करून आपल्या महाविद्यालयांत येऊन पोहोचली आहे. 'मनात साचलेले कागदावर उतरवा आणि मोकळे व्हा' हे वाक्य विद्यार्थ्यांसाठीच्या शिबिरांतून, समुपदेशनाच्या पत्रकांतून आणि निर्मितिलेखनाच्या कार्यशाळांतून आपण सारेच ऐकत असतो.

या उपक्रमांना विरोध करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या पाठीशी असलेल्या प्रतिमेला. भावना म्हणजे अंतःकरणात साचणारा एक पदार्थ, तो बाहेर टाकला की प्रकृती सुधारते आणि साहित्य म्हणजे तो वाहून नेणारी नाली, अशी ही प्रतिमा आहे. ती साहित्याच्या दृष्टीने उणी आहे हे आपण ओळखतोच. ती उपचाराच्या दृष्टीनेही अपुरी आहे, आणि ती का अपुरी आहे हे सांगण्याची साधने मानसशास्त्र विभागाइतकीच आपल्या विभागाच्या कपाटातही आहेत, असे मला वाटते.

प्रथम उपचारक्षेत्रातील पुरावा पाहू. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठात केलेला प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. पदवीच्या विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावे, असे त्याचे साधे स्वरूप होते. एका गटाने क्षुल्लक विषयांवर लिहिले. उरलेल्यांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांवर लिहिले. पण त्यांतही काहींनी केवळ घटना लिहिल्या, काहींनी केवळ भावना लिहिल्या आणि काहींनी दोन्ही मिळून लिहिले. क्लेशकारक प्रसंगांतील भावना लिहिणाऱ्यांना लिहून होताच हलके वाटले नाही; उलट त्यांची अस्वस्थता वाढलेली आढळली. त्यानंतरच्या महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जाण्याचे प्रमाण कमी राहिले ते मुख्यतः घटना व भावना एकत्र लिहिणाऱ्या गटात. केवळ भावना ओतणाऱ्यांना तसा लाभ झाल्याचे दिसले नाही. पुढे पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लेखनाच्या भाषेचे विश्लेषण केले तेव्हा असे आढळले की ज्यांना लाभ झाला त्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कार्यकारणभाव दाखविणारे आणि उमज दाखविणारे शब्द वाढत गेले होते. आरंभी विस्कळीत असलेले निवेदन हळूहळू कथेचा आकार घेत होते. २००६ साली जोआन फ्राटारोली यांनी १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अशा लेखनाचा परिणाम हितकारक, पण अल्प असल्याचे दिसून आले. या उपक्रमांच्या प्रचारकांना हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र यात एक ओळखीची गोष्ट दिसते : नुसता उद्गार पुरत नाही, रचना लागते.

हे आपल्याला नवे नाही. जात्यावरच्या ओवीने ते केव्हाच सिद्ध केलेले आहे. पण ओवीविषयी लिहिताना आपणच 'सासुरवाशिणीने आपल्या दुःखाला वाट करून दिली' या वाक्यावर थांबतो. पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत तर हे वाक्य एखाद्या सिद्धान्तासारखे येते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून सरोजिनी बाबर यांच्या संकलनांपर्यंत ओव्यांचे विपुल धन छापलेले आहे. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि २०१७ पासून त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रणांसह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. इतकी सामग्री हाताशी असताना 'वाट करून दिली' एवढेच म्हणून थांबणे हा आळस आहे. ती वाट कशी बांधलेली आहे, हे पाहायला हवे.

पहाटेच्या अंधारात दळण सुरू होते. खुंट्याला हात घालून दोघीजणी समोरासमोर बसतात. एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्याने मधूनमधून दाणे वैरायचे. जात्याच्या फेऱ्याला स्वतःचा वेग असतो. तो फार वाढला तर पीठ भरड पडते आणि फार मंदावला तर दळण सरत नाही. ओवीला या फेऱ्याच्या मापात बसावे लागते. म्हणजे गाणारीच्या मनात किती कढ आला आहे यावर ओळीची लांबी ठरत नाही. ती ठरते जात्यावर. हुंदका आला तरी पुढच्या फेऱ्यापर्यंत शब्द सापडला पाहिजे, आणि तो मागच्या ओळीशी यमकाने जुळला पाहिजे. ज्या दुःखाला आदि-अंत नाही त्याला दोन ओळींचा आदि-अंत मिळतो. ओवी संपते, क्षणभर केवळ जात्याची घरघर उरते आणि मग दुसरी ओवी सुरू होते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांचा असा उपयोग झालेला त्यांना मुळीच रुचला नसता, कारण कलेच्या स्वायत्ततेविषयी ते कमालीचे दक्ष होते. तरीही दुःखाचा कढ आणि जात्याची संथ गती यांच्या विरोधातून ओवीत जो समतोल साधला जातो, तो समजून घ्यायला याहून नेमकी परिभाषा मराठीत मला तरी आढळलेली नाही.

दुसरी गोष्ट 'मी'ची. ओवीतील 'मी' आत्मचरित्रातल्या 'मी'सारखा नसतो. भाऊ, माहेर, सासू, लेक, पंढरी, सीतेचा वनवास असे ओवीचे विषय ठरलेले आहेत, त्यांचे शब्दगुच्छही बव्हंशी ठरलेले आहेत. नवी सून जेव्हा सीतेच्या वनवासाची ओवी गाते तेव्हा ती आपल्या सासूची निंदा करीत नाही. पण समोर बसलेल्या जावेला काय समजायचे ते समजते. सीता ही येथे आडपडदाही आहे आणि आरसाही. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले ते नाट्यगृहातील सहृदयाच्या संदर्भात होते. पण दळणाऱ्या बाईचे दुःख 'माझे' असूनही 'माझ्या एकटीचे' राहत नाही, ही प्रक्रिया त्याच जातीची आहे. आजच्या मानसोपचारात स्वतःच्या अनुभवाकडे काही अंतरावरून पाहता येणे महत्त्वाचे मानतात, आणि ते शिकविण्यासाठी निरनिराळ्या युक्त्या योजतात. ओवी गाणारीला ही युक्ती परंपरेनेच हाती दिलेली होती. 'तुझे स्वतःचे, अगदी खासगी, कोणालाही न सांगितलेले लिही' असा आग्रह धरणाऱ्या कार्यशाळेत हे अंतर काढून घेतले जाते. वीस वर्षांच्या मुलीला एकदम तिच्या जखमेसमोर उभे करायचे आणि हातात वृत्त नाही, संकेत नाही, सीता नाही! अशा ठिकाणी कोणी लिहिता लिहिता कोसळले तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

तिसरी गोष्ट श्रोत्याची. जाते एकटीनेही ओढता येते, पण ते कष्टाचे आहे, आणि ओवीलाही दुसरी बाई हवी असते. एकीने सुरू केलेली ओळ दुसरी उचलते; 'गं बाई', 'सये', 'मैतरणी' ही संबोधने निव्वळ पादपूरणासाठी नाहीत. ऐकणारी काही सल्ला देत नाही, निदान करीत नाही. ती फक्त खुंटा सोडत नाही. जनाबाईच्या बाबतीत परंपरेने काय केले ते येथे आठवण्यासारखे आहे. परक्या घरी दळणाऱ्या त्या दासीच्या समोर बसायला कोणी नव्हते, तेव्हा तिच्या जात्याला हात लावायला साक्षात विठ्ठल येतो, अशी कथा रचली गेली. भक्तीच्या अंगाने या कथेचे पुष्कळ विवेचन झाले आहे. मला तिच्यात लोकमानसाची एक जाण दिसते : एकटीची ओवी पुरी होत नाही, समोर कोणीतरी हवेच.

ब्रॉयरच्या ज्या रुग्णेवरून 'बोलून बरे होणे' ही कल्पना जन्माला आली तिची हकिगतही याच्याशी ताडून पाहावी. तिने स्वतः या उपचाराला गमतीने 'धुराडे झाडणे' म्हटले होते. १८८२ साली ब्रॉयरचे उपचार थांबले तेव्हा ती बरी झालेली नव्हती. तिला आरोग्यधामात ठेवावे लागले. पुढील काही वर्षांत ती सावरली. बर्टा पापेनहाइम या स्वतःच्या नावाने ती लेखिका, अनुवादक आणि ज्यू स्त्रियांच्या चळवळीची संस्थापक म्हणून ओळखली गेली. १८९९ साली तिने मेरी वुलस्टनक्राफ्टच्या स्त्रीहक्कविषयक ग्रंथाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. तिला लेखनाने बरे केले असा दावा मी करणार नाही. पण धुराडे झाडून जे झाले नाही ते झाले तेव्हा तिच्या आयुष्यात कथा, अनुवाद, संस्था आणि इतर स्त्रिया आलेल्या होत्या, एवढे निश्चित म्हणता येते.

विरेचनाची प्रतिमा अपुरी असल्याचा आणखी एक पुरावा आपल्या अगदी जवळ आहे. डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या अर्थसाह्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचटांनी स्वतःच्या ओरिगामी, काष्ठशिल्प, बासरी अशा नादांविषयी 'छंदांविषयी' हे पुस्तक लिहिले. कागदाला घडी घालताना किंवा लाकडाचा छिलका काढताना कोणती भावना बाहेर पडते? काहीच बाहेर पडत नाही. लक्ष एका जागी येते, हात एका क्रमाने चालतो, आणि जे आधी नव्हते ते समोर उभे राहते. मराठीत काव्याच्या मापालाही छंद म्हणतात आणि मन रमविणाऱ्या नादालाही छंद म्हणतात. कोशकाराला हे दोन वेगळे अर्थ वाटतील. पण दळणाऱ्या बाईचा छंद आणि कागद दुमडणाऱ्याचा छंद यांतील नाते भाषेने आपल्या आधी ओळखले असावे.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ओवीने बाईला हलके केले म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जात्यावर बसू शकली, असे कोणी म्हणेल. वाफेच्या यंत्राला जशी झडप असते तशी ही झडप होती. तिने घर टिकवले आणि त्याबरोबर घरातील अन्यायही टिकवला. स्त्रीवादी अभ्यासकांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तो टाळता येणार नाही. आजच्या कार्यशाळांनाही तो तितकाच लागू आहे. वसतिगृहात जातीवरून अपमान सोसणाऱ्या विद्यार्थ्याला 'लिही आणि मोकळा हो' असे सांगणे म्हणजे वसतिगृह आहे तसेच ठेवून त्याच्या मनाची मशागत करणे होय. तेथे आरोग्याचा अर्थ निमूटपणा असा होतो.

माझ्या मते झडपेचा आरोप खरा ठरतो तो विरेचनाच्या कल्पनेवर. बाहेर टाकलेला दोष कोणी जपून ठेवीत नाही; ओवी मात्र टिकते. ती पाठ होते, मुलीला दिली जाते, दुसऱ्या गावी सासरी जाते. म्हणजे तक्रार नष्ट होत नाही, तिची नोंद होते. आणि हीच रचना वेगळ्या कामालाही वापरता येते. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या उपर्युक्त संग्रहात आहेत. माहेरच्या भावाची जागा तेथे भीमराव घेतो. संबोधने, लय, दोन ओळींचा घाट तोच राहतो. सासुरवासाचे गाऱ्हाणे गाणाऱ्या साच्यातून हक्काची घोषणा होऊ शकली. याचे कारण असे की त्या साच्याने दुःख रिकामे केले नव्हते, धरून ठेवले होते.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाच्या शीर्षकाकडे या दृष्टीने पाहावे. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे. आईचे विणकाम आणि आपले लेखन यांतील वीण एकच, वेदनेची, असे लेखिकेला जाणवते. विणण्याला 'बाहेर टाकणे' म्हणता येत नाही. पट्टीत पट्टी गुंतवावी लागते; हात कापला तरी ताण सोडता येत नाही; आणि शेवटी जे तयार होते त्यात काही ठेवता येते, ते बाजारात विकता येते, त्यावर घर चालते. 'विरेचन' या संज्ञेला पर्याय सुचवायचाच झाला तर मी 'वीण' हा शब्द सुचवीन. ॲरिस्टॉटलच्या भाषांतरासाठी तो चालणार नाही, हे उघड आहे. निर्मिती आणि मनःस्वास्थ्य यांच्या चर्चेत मात्र तो अधिक प्रामाणिक ठरेल.

तथापि वीण कितीही घट्ट असली तरी ती सर्वांना तारते, असा समज पसरविणे घातक होईल. ॲन सेक्स्टन या अमेरिकन कवयित्रीने मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांच्या प्रोत्साहनाने १९५६च्या अखेरीस कवितालेखन सुरू केले. १९६७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९७४ साली तिने स्वतःच्या हाताने जीवन संपविले. यावरून 'कविता उपयोगी पडली नाही' असे म्हणणारे घाई करतात आणि 'कवितेनेच तिला नेले' असे म्हणणारे तर अन्याय करतात. कवितेने तिला अठरा वर्षांचे एक वेगळे आयुष्य दिले, असेही म्हणता येईल. पण तीव्र मनोविकाराला औषध, देखरेख आणि प्रशिक्षित माणूस लागतो. तेथे छंदशास्त्राचा अधिकार संपतो. मराठीच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्याची कविता वाचून तो धोक्यात आहे असे जाणवल्यास कवितेवर अभिप्राय लिहीत बसू नये, त्याला तज्ज्ञाकडे न्यावे.

सेक्स्टनच्या प्रकरणात आणखी एक बाब आहे. उपचाराच्या बैठकीत काय बोलणे झाले हे तिला पुढे आठवत नसे, म्हणून ऑर्न ते ध्वनिमुद्रित करीत आणि ती ते पुन्हा ऐके. तिच्या मृत्यूनंतर त्या ध्वनिफिती ऑर्न यांनी चरित्रलेखिका डायान मिडलब्रुक यांना दिल्या, वारसदार मुलीच्या संमतीने. १९९१ साली चरित्र प्रसिद्ध झाले आणि मोठा वाद उठला. आपल्याकडे असा वाद झालेला नाही, कारण आपण असा प्रश्नच सहसा उपस्थित करीत नाही. शिबिरात विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर विभागाच्या भित्तिपत्रकावर लागतो, विशेषांकात छापला जातो, कधी त्यावर पारितोषिकही मिळते. लिहिणाऱ्याला त्या वेळी अभिमानच वाटतो. पाच वर्षांनी वाटेल की नाही, हे कोणी विचारीत नाही. समोर बसलेल्या एका बाईने ऐकणे आणि साऱ्या महाविद्यालयाने वाचणे यांतील फरक ओवी गाणारीला ठाऊक होता. म्हणूनच तिने सीता पुढे केली होती.

तेव्हा मराठी विभागांनी अशा कार्यशाळांत सहभागी व्हावे का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते काही अटींवर. आपण तेथे समुपदेशक म्हणून जाऊ नये. रचनेचे जाणकार म्हणून जावे. 'मनातले लिही' असे म्हणण्याऐवजी दोन ओळींची ओवी बांधायला द्यावी, एखाद्या पुराणकथेतील पात्राच्या तोंडून बोलायला लावावे, तोच प्रसंग तृतीयपुरुषी निवेदनात पुन्हा लिहायला सांगावे. हे सारे आपण निवेदनशास्त्राच्या तासाला शिकवतोच. त्याचा मनाशी काय संबंध आहे, हे मात्र शिकवत नाही. जे लिहिले जाईल त्याला गुण देऊ नयेत. वाङ्मयीन मूल्याचा प्रश्न तेथे बाजूला ठेवल्याने समीक्षेचा तोल जाईल अशी भीती काही सहकाऱ्यांना वाटते. मला ती अनाठायी वाटते. जात्यावरच्या लाखभर ओव्यांपैकी बहुतेक ओव्या सामान्यच आहेत, आणि त्यामुळे उत्तम ओवी ओळखण्यात आपल्याला कधी अडचण आलेली नाही.

संशोधनाच्या दृष्टीने एक काम तर तातडीचे आहे. छापील संग्रहांत ओवी दोन ओळींची एकसंध रचना म्हणून दिसते. दुसरी बाई त्यातून नाहीशी झालेली असते. ध्वनिमुद्रणांत ती असते. ती कोणत्या शब्दावर आवाज मिळवते, कोठे गप्प राहते, कोणत्या ओवीनंतर दोघीही थांबतात आणि फक्त जाते ऐकू येते, याची काळजीपूर्वक नोंद केलेला एकही प्रबंध माझ्या पाहण्यात नाही. ज्या पिढीने जात्यावर दळताना या ओव्या गायिल्या ती आता वार्धक्यात आहे, आणि गिरणीचे पीठ आणणाऱ्या तिच्या सुना-मुलींना दळताना समोर कोणी बसावे लागत नाही.